विटा काढणाऱ्या इन्चार्जबाई

आमच्या इन्चार्जबाईंना बोलता बोलता स्वतःच्या नाकाच्या शेंड्याला, मग हनुवटीला, मग कपाळाला बोट लावायची सवय होती. पनवेलच्या त्या हॉस्पिटलात मी नवीन लागले तेव्हा मला वाटलं, बाई ख्रिस्ती असाव्यात आणि क्रॉस करायची त्यांची काही वेगळी पद्धत असावी. मग एका पेशंटच्या आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्या बाई कुठल्या देवाचं करतात? आमच्या पोरीसाठी पण करायला सांगा ना." आता माझीही उत्सुकता वाढली होती, म्हणून मी सरळ जाऊन त्यांनाच विचारलं.

"बोट दे," त्या म्हणाल्या आणि माझं बोट धरून माझ्याच नाकाच्या शेंड्यावर टेकवलं. "दाब. दबतंय ना? पोट आवळतं तेव्हा हाताला इतकंच घट्ट लागलं तर कळ हलकी. हनुवटीसारखं लागलं तर मध्यम. आणि कपाळासारखं, म्हणजे बोट आत जाईचना, तर जोराची. मशीन बंद पडतं, लाइट जाते. चेहरा कुठे जात नाही."

हे मी नर्सिंगला शिकले होते. परीक्षेत लिहून मोकळीही झाले होते. पण एखादी बाई ते इतकं मनावर घेईल की भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा तिचं बोट चेहऱ्यावर फिरत राहील, हे काही मला सुचलं नसतं.

बाई ठेंगण्या होत्या. केसांचा अंबाडा इतका आवळून बांधत की भुवया वर ओढल्यासारख्या दिसत, त्यामुळे समोरच्याला कायम वाटे की आपण काहीतरी अजब बोललो. आणि समजा तसं वाटलं नाहीच, तर बाईंचा तो शब्द येई: "कशावरून?" रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही. लहान मूल विचारतं तसं, खरंच उत्तर हवं म्हणून. उरण नाक्यावरचा आंबेवाला म्हणाला, ताई, अस्सल देवगड आहे. बाई म्हणाल्या, कशावरून? तो म्हणाला, पेटीवर लिहिलंय. बाईंनी पेटीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, एक आंबा हुंगला आणि म्हणाल्या, "पेटी देवगडची असेल. आंब्याचं बघू." असं म्हणून डझनभर घेतले आणि दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना एकेक फोड देऊन मतं विचारत हिंडल्या.

त्यांचे यजमान बँकेतून रिटायर झालेले, फार शांत गृहस्थ. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेले होते. ते म्हणाले, "वांगं छान झालंय." बाईंनी भुवया आणखी वर केल्या. यजमान शांतपणे म्हणाले, "दुसऱ्यांदा वाढून घेतलं त्यावरून." मला वाटतं, तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात माणूस उत्तरं तयार ठेवायला शिकत असावा.

आमच्या धंद्यात एक नियम आहे, तो कुठल्याही पुस्तकात नाही पण प्रत्येक नर्सला पाठ आहे. "आज वॉर्ड शांत आहे" असं म्हणायचं नाही. म्हटलं की तासाभरात पेशंटची रांग लागते. बाईंनी हे तपासायचं ठरवलं. रोज सकाळी ड्युटीवर आल्या की वॉर्डाच्या मधोमध उभं राहून मोठ्यानं म्हणायच्या, "आज वॉर्ड शांत आहे." आम्ही कानांवर हात ठेवायचो. एक सिस्टर तर देवाचं नाव घेऊन टेबलाखाली बोटं मोडायची. महिनाभर हा छळ चालला. शेवटी बाईंनी जाहीर केलं की काही दिवस गर्दी झाली, काही दिवस नाही झाली, आणि बोलण्याचा त्याच्याशी काही संबंध दिसला नाही. आम्ही मान डोलावली. आजही आमच्यापैकी कोणी ते वाक्य उच्चारत नाही.

आणि विटांचं तर सांगायलाच हवं.

आमच्याकडे दिवस भरायच्या आधीच बाळंत होण्याचा धोका असलेल्या बायका बऱ्याच यायच्या. कुणाचं आधी असं झालेलं, कुणाच्या गर्भपिशवीचं तोंड सैल, कुणाला जुळी. अशी बाई आली की तिला आडवी करायची आणि खाटेच्या पायथ्याखाली विटा सरकवायच्या, म्हणजे पाय वर, डोकं खाली आणि बाळ आपलं जागच्या जागी. उठायचं नाही, बसायचं नाही. कितीतरी बायका आठवडेच्या आठवडे छताचा पंखा बघत पडून राहायच्या. मी लागले तेव्हा विटा होत्या, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. गोष्ट इतकी उघड वाटते की तिला प्रश्न विचारायचं सुचतच नाही.

बाई मुंबईला एका प्रशिक्षणाला गेल्या आणि परत आल्या त्या गप्प होऊनच. आठवडाभर फावल्या वेळात चष्मा कपाळावर चढवून फोनवर काहीतरी वाचत बसायच्या. मग एका सकाळी वॉर्डबॉयला हाताशी घेऊन सगळ्या विटा काढल्या आणि मागच्या अंगणातल्या कढीपत्त्याभोवती आळं करून टाकलं. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "सिस्टर, विटा?"

"कढीपत्त्याला दिल्या. झोपवून ठेवल्यानं बाळंतपण पुढं जातं याला पुरावा नाही, सर. पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती मात्र वाढते."

डॉक्टर चांगले होते. म्हणाले, "ते मीही वाचलंय. हात सवयीनं लिहितो." आणि थोडं थांबून, "नातेवाइकांना मात्र तुम्ही सांगायचं."

म्हणजे अवघड काम बाईंच्या वाट्याला आलं. त्यांनी ते आनंदानं घेतलं. वॉर्डात मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, "बायांनो, आजवर मी तुम्हाला सांगत होते की उठू नका. ते मी चुकीचं सांगत होते. धावपळ नको, वजन उचलायचं नाही, पण उठा, बसून जेवा, न्हाणीघरात आपल्या पायानं जा." इन्चार्ज अशी भर वॉर्डात चूक कबूल करते हे आम्ही पहिल्यांदा पाहत होतो. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. एकही उठली नाही. कोपऱ्यातल्या खाटेशी बसलेली कुणाची तरी म्हातारी आत्या तर म्हणाली, "बाई घरी भांडून आलेली दिसते."

विटांच्या जागी बाईंनी जे आणलं ते दिसायला काहीच नव्हतं. लघवीची तपासणी वेळेवर, कारण तिथला जंतुसंसर्ग कळा आणू शकतो. सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी. अंगावरून जाणाऱ्या पाण्याची रोज चौकशी. आणि प्रत्येक बाईला स्वतःच्या पोटावर हात ठेवायला शिकवणं: नाक, हनुवटी, कपाळ. बायका हसायच्या, पण शिकायच्या.

आणखी एक विचित्र गोष्ट होती. घरी जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या खाटेवर बाई क्षणभर बसायच्या आणि सांगायच्या, "जे झालं त्यात तुझं काही चुकलेलं नाही." बाळ गेलेल्या बाईला सांगितलं तर समजू शकतं. पण त्या सगळ्यांना सांगायच्या. नऊ महिने भरून, गुटगुटीत पोरगं मांडीवर घेऊन बसलेल्या बाईलाही. ती बिचारी गोंधळायची, म्हणायची, "नाही, सगळं चांगलं झालं ना मॅडम." बाई म्हणायच्या, "हो हो. तरी सांगून ठेवते." मला हे कोडं फार दिवस सुटलं नाही. विचारलं तर बाई भलत्याच विषयावर जायच्या, आणि सगळ्या जगाला कारण विचारणारी बाई स्वतःचं कारण देत नाही याची मला गंमत वाटायची.

उरणजवळच्या करंजा गावची एक मुलगी आली ती याच दिवसांत. नवऱ्याची होडी होती, सासू सुकी मासळी विकायची. दोन बाळं सातव्यातच जन्मली होती आणि दोन्ही राहिली नव्हती. ही तिसरी खेप, आणि पुन्हा सातवा लागला होता. पोरगी इतकी घाबरलेली की विचारलेल्या प्रश्नाला सासूकडे बघून उत्तर द्यायची. सासूनं आल्या आल्या खाट पाहिली आणि म्हणाली, "पाय वर नाय करत? आमच्या उरणच्या डॉक्टरनं दर टायमाला केलेले."

"दर वेळी केले," बाई म्हणाल्या, "आणि दर वेळी काय झालं, मावशी?"

हे बोलायला नको होतं. सासूचा चेहरा उतरला. बाईंच्या लगेच लक्षात आलं, त्यांनी तिचा हात धरला आणि अर्धा तास बसून सगळं समजावलं. सासूनं ऐकून घेतलं, पटलं असं मात्र म्हणाली नाही. सून उठून न्हाणीघराकडे निघाली की ती मागे मागे चालायची, दोन्ही हात पुढे करून, जणू काही सांडणार आहे आणि ते झेलायचं आहे.

त्या घरात एक रीत होती. दिवस भरायच्या आधी 'कळा' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. काढला तर त्या ऐकतात आणि येतात. मागच्या दोन्ही खेपेला ही पोरगी म्हणे पाठ दुखते, गॅस झालाय, असंच सांगत राहिली आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं हातचं गेलं होतं. तिनंच बाईंना हे सांगितलं, तेही तो शब्द गाळून. मला वाटलं, आता बाई विचारणार, कशावरून. पण नाही विचारलं. म्हणाल्या, "मग नको बोलूस. तुला बोलायची गरजच नाही. नुसतं बोट लाव."

चहाची वेळ होती. मी औषधांची ट्रॉली घेऊन वॉर्डाच्या या टोकाला, बाई त्या टोकाला कुणाचा तरी रक्तदाब बघत होत्या. सासू थर्मास घेऊन खाली गेली होती. पोरगी खाटेवर बसली होती, डावा हात पोटावर. तिनं बाईंकडे पाहिलं आणि उजव्या हाताचं बोट हनुवटीला लावलं. बाईंनी पाहिलं, कानांतली नळी काढली आणि तिच्या दिशेनं निघाल्या. त्या मधल्या खाटांपर्यंत पोचल्या असतील, तेवढ्यात पोरीचं बोट कपाळावर गेलं. चेहरा रडवेला, पण तोंडातून शब्द नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टर आले, तपासलं, कळा थोपवायचं औषध सुरू झालं. बाळाच्या फुप्फुसांसाठीचं इंजेक्शन मी स्वतः दिलं. त्या औषधानं कळा कायमच्या थांबत नाहीत, एखाद-दोन दिवस मिळतात, पण तेवढ्यात इंजेक्शन आपलं काम करतं आणि बाईला नवजात बाळांचा विभाग असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात नेता येतं. बाळ पोटात असतानाच न्यायचं, हा बाईंचा आग्रह. आईच्या पोटासारखी अॅम्ब्युलन्स अजून कोणी बनवलेली नाही, असं त्या म्हणायच्या.

सासू थर्मास घेऊन वर आली तेव्हा स्ट्रेचर दारात होतं. तिला काय चाललंय ते एका नजरेत कळलं. ती सुनेकडे गेलीच नाही, बाईंच्या समोर येऊन उभी राहिली.

"तुमी चालवलीत तिला. चालवलीत म्हणून झालं."

"मावशी, चालल्यानं झालं नाही."

"कशावरून?" सासू म्हणाली.

त्या बाईला काही आमच्या इन्चार्जबाईंची नक्कल करायची नव्हती, तिला उत्तर हवं होतं. बाईंचं बोट नाकाकडे गेलं आणि तिथेच थांबलं.

"तुमच्या सुनेबद्दल मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पुष्कळ बायका झोपवून पाहिल्या, पुष्कळ चालत्या ठेवून पाहिल्या, फरक पडला नाही, एवढं माहीत आहे. ह्या एका पोरीचं कशानं झालं ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण मावशी, मला बोला. हवं तेवढं बोला. हिला नका बोलू."

बाई स्ट्रेचरच्या बाजूनं चालू लागल्या आणि चालता चालता वाकून पोरीला ते नेहमीचं वाक्य सांगितलं. पोरगी रडत होती. अॅम्ब्युलन्समध्ये बाई तिच्याबरोबर गेल्या, चपला बदलायलाही थांबल्या नाहीत.

बाळ तिसऱ्या दिवशी झालं. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी, पण स्वतःहून रडली. पुढे कित्येक दिवस तिला काचेच्या पेटीत आणि मग ऊब मिळावी म्हणून आईच्या उघड्या छातीवर ठेवलं. आईला ताप आला तेव्हा सासूनं चोळी सैल करून नातीला स्वतःच्या छातीशी धरलं, आणि मग ती कोणाला द्यायला तयार होईना. काही महिन्यांनी सासू आमच्याकडे सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन आली. बाईंना म्हणाली, "पोर बरी हाय. पण चालवली नसती ना, तर नऊ भरले असते." बाई म्हणाल्या, "असेलही." सासूचं मत बदललं नाही, पण सुनेला तिनं एका शब्दानं दोष दिला नाही, असं सून मला फोनवर म्हणाली. ते ऐकून मला बाळाचं वजन वाढल्याइतकाच आनंद झाला.

त्याच आठवड्यात मी बाईंना पुन्हा विचारलं. म्हटलं, मॅडम, तुम्ही सगळ्यांना ते वाक्य का सांगता? ह्या वेळी त्यांनी विषय बदलला नाही. म्हणाल्या, "रविवारी मोकळी आहेस? चिरनेरला येशील? एकटी दोनदा निघाले होते, फाट्यावरनं परत आले."

एसटीत त्यांनी सांगितलं. त्या नोकरीला नवीन लागलेल्या तेव्हा चिरनेरची एक तरुण बाई वॉर्डात होती. पहिलटकरीण. तिच्या खाटेखाली विटा बाईंनीच लावल्या होत्या. आठव्या महिन्याच्या आधीच ती बाळंत झाली, बाळ दुसऱ्या दिवशी गेलं. बाई तेव्हा वयानं लहान आणि जिभेनं तिखट. सगळ्या नातेवाइकांसमोर त्या म्हणाल्या होत्या, "उठली असणार. सांगून ऐकत नाहीत." ती मुलगी खाली मान घालून म्हणाली होती, हो, उठले होते.

"मुंबईला ते प्रशिक्षण झालं," बाई म्हणाल्या, "सगळे चहाला गेले. मला उठवेना. तिचा चेहरा समोर आला. उठली असती तरी काही बिघडणार नव्हतं, हे मी तिला सांगायला हवं. कोणी सांगितलं नसेल."

गावातल्याच एका पेशंटनं घर सांगितलं होतं. ओटीवर एक पन्नाशीची बाई खुर्चीत बसून वाल सोलत होती. तिनं आम्हाला पाणी दिलं, बसा म्हणाली. आमच्या बाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्या, बोटं एकमेकांत अडकवून, त्यांनी आपण कोण ते सांगितलं. मग सगळं सांगितलं: ती खाट, ते बोलणं, आता काय माहीत झालंय ते. "मी तुम्हाला चारचौघांत दोष दिला. तो खोटा होता. तुम्ही उठलात म्हणून बाळ गेलं नाही. मला हे फार उशिरा समजलं. मला माफ करा."

ती बाई वाल सोलायची थांबली होती. आमच्या बाईंकडे बघत राहिली, ओळख पटवत असावी.

"पन मी उठलेच नव्हते," ती म्हणाली.

मीच विचारलं, "मग हो का म्हणालात?"

"ह्या शिस्टर इतक्या खात्रीनं बोलल्या. मना वाटलं, झोपेत उठले असंन. सासू बोलायची, गाव बोलायचा. पोरं झाली नंतर दोन, तरी बोलायचे. मी पन हो हो बोलायची. मंग मनाच ते आठवायला लागलं. उठले, पानी प्याले, माठावरचा पेला घेतला." तिनं मांडीवरचे वाल बाजूला केले. "माठ कुटला व्हता तुमच्या दवाखान्यात? नव्हता ना?"

"नव्हता," बाई म्हणाल्या. आणि त्या रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. ती बाई उठली, बाईंच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. ती रडली नाही. थोड्या वेळानं तिनं आतल्या अंधाऱ्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

"बाहेर ये गो. उठ, काय होत नाय."

आत खाट करकरली. सात-आठ महिन्यांची गरोदर सून दाराशी आली आणि चौकट धरून थांबली. किती दिवसांनी उठली होती कोण जाणे, पाय थरथरत होते. तिनं आमच्याकडे पाहिलं, मग सासूकडे, खरंच येऊ का असं विचारल्यासारखं. सासूनं वालाची टोपली उचलली आणि आपली खुर्ची तिच्यासाठी पुढे सरकवली.